चार वर्षांच्या मुलीला येशूची ओळख कशी करून द्यावी?

सलाम ताई,

तुमचा प्रश्न मला असा समजला. मुलगी सव्वाचार वर्षांची, मुलगा अडीचचा. सासूबाई म्हणतात, पाच वर्षांची व्हायच्या आत दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थना तोंडपाठ झाली पाहिजे. मुलगी रविवारी देवळात दहा मिनिटंही एका जागी बसत नाही. त्यात गेल्या सुट्टीत तुमच्या माहेरी, वसईला, चर्चमधली क्रूसावरची मोठी मूर्ती पाहून ती घाबरली आणि आता ‘येशूची गोष्ट नको’ म्हणते. मग सुरुवात करायची तरी कुठून?

मी नगर जिल्ह्यात सव्वीस वर्षं बालवाडी चालवली आणि जवळजवळ तितकीच वर्षं आमच्या मंडळीच्या शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या धर्मवर्गात, शिशुवर्ग घेतला. त्या अनुभवावरून सांगते: मेंढपाळापासून सुरुवात करा, आणि पुढचं वर्षभर घाईनं दुसरीकडे जाऊ नका. या वयाच्या मुलाला देवाबद्दल एकच गोष्ट पक्की कळायला हवी असते. तो मला ओळखतो, माझं नाव त्याला माहीत आहे, आणि मी हरवले तर तो मला शोधायला येतो. पाप, तारण, त्रैक्य हे सगळं पुढे येतं. त्याला बसायला आधी ही जमीन लागते.

आमच्या वर्गात हा पाठ कसा होतो ते सांगते, म्हणजे तुम्हाला घरीही करता येईल. एक पाट घ्यायचा आणि त्यावर हिरव्या कापडाचा तुकडा अंथरायचा. सुताराकडून करून घेतलेली लाकडाची दहा मेंढरं आणि एक मेंढपाळ माझ्याकडे आहे. घरी तुम्ही कणकेची केलीत तरी चालतील. बारीक काड्या रोवून वाडा करायचा, त्याला एका बाजूनं दार ठेवायचं. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, मेंढरं शंभर आहेत, पण चार वर्षांच्या मुलाला शंभर म्हणजे नुसता शब्द, दहा मात्र बोटांवर मोजता येतात. मी खाली मांडी घालून बसते, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. आवाज लहान ठेवते. मेंढरं एकेक करून चरायला बाहेर काढते, प्रत्येकाला नावानं हाक मारून. योहानाच्या दहाव्या अध्यायात आहेच की तो आपल्या मेंढरांना ज्याच्या त्याच्या नावानं हाक मारतो. संध्याकाळ होते, मेंढरं आत येतात, मेंढपाळ मोजतो. नऊच भरतात. एक मी आधीच पाटाखाली सरकवलेलं असतं. इथे मी थांबते, काही बोलत नाही. मुलं श्वास रोखून बसतात. मग मेंढपाळ निघतो, हळूहळू, खडकाजवळ बघतो, झाडामागे बघतो, आणि पाटाखाली ते सापडतं. तो त्याला खांद्यावर घेतो. परत आल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना म्हणतो, ‘माझ्याबरोबर आनंद करा!’ एवढीच गोष्ट, सात-आठ मिनिटांची. शेवटी मी ‘यातून आपण काय शिकलो?’ असं विचारत नाही. पाट मुलांच्या हवाली करते आणि बाजूला होते.

खरं शिकणं त्यानंतर होतं. एका वर्षी माझ्याकडे साडेतीन वर्षांचा मुलगा होता. आईवडील कोयत्यावर गेलेले, ऊसतोडीला. दिवाळीच्या सुमारास जायचे ते उन्हाळा लागला की परतायचे. तो आजीपाशी राहायचा आणि वर्गात एक अक्षर बोलत नसे. पाट मोकळा झाला की तो एकटाच तिथे बसायचा. ते एक मेंढरू पाटाखाली ठेवायचा, मेंढपाळाला घेऊन यायचा, खांद्यावर ठेवायचा, वाड्यात न्यायचा, आणि पुन्हा पाटाखाली. पाच-सहा रविवार हेच चाललं होतं. मी त्याला काही विचारलं नाही. मग एके दिवशी माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, ‘ह्यो येतोच.’ मला वर्गात त्याच्याकडून ऐकू आलेले ते पहिले दोन शब्द. उपदेश म्हणून मी त्यात काय भर घालणार होते?

रोममध्ये सोफिया कावालेत्ती नावाच्या एक हिब्रू शास्त्राच्या अभ्यासक होऊन गेल्या. त्यांनी माँटेसरी शिक्षिका जिआन्ना गोब्बी यांच्यासोबत 1954 पासून लहान मुलांबरोबर हेच काम केलं. त्यांना दिसलं ते असं, की तीन ते सहा वयाच्या मुलांना उत्तम मेंढपाळाच्या दाखल्याची, म्हणजे येशूनं सांगितलेल्या या बोधकथेची, विलक्षण ओढ असते. मुलं तो पुन्हा पुन्हा मागतात आणि त्यानं शांत होतात. आमच्याकडे तर हा दाखला परदेशातून आणावाही लागत नाही. पारनेर-संगमनेरच्या बाजूला धनगरांचे कळप दिसतात, शेतात मेंढरं बसवलेली असतात, भोवती वाघर म्हणजे जाळीचं कुंपण लावलेलं असतं, खांद्यावर घोंगडी आणि नुकतं जन्मलेलं कोकरू घेऊन माणूस चाललेला असतो. मुलीला एकदा असा कळप दाखवायला न्या. त्या दादांना विचारा, तुमच्या मेंढरांना तुमची हाक कळते का? ते हाक मारून दाखवतील. आपल्या पाळकांना ‘पाळक’ का म्हणतात, हे तिला तेव्हा आपोआप कळेल.

आता क्रूसाबद्दल. तिची भीती खोटी नाही, म्हणून ‘त्यात काय घाबरायचं’ असं म्हणू नका. जखमी, खिळे ठोकलेला माणूस पाहून लहान मूल घाबरलं तर त्याचं मन जागेवर आहे. वसईच्या आजीलाही वाईट वाटून घेऊ देऊ नका. ती मूर्ती मोठ्यांच्या भक्तीची आहे, तिच्यामागची सगळी गोष्ट मोठ्यांना ठाऊक असते. मुलीला फक्त मधलं एक पान दिसलं. तिनं पुन्हा विचारलं तर चार वाक्यांत पूर्ण गोष्ट सांगा: ‘येशू सगळ्यांवर प्रेम करायचा. काही लोकांना ते आवडलं नाही, त्यांनी त्याला मारलं आणि तो मेला. त्याची आई आणि मित्र खूप रडले. पण तिसऱ्या दिवशी देवानं त्याला उठवलं, आणि आता तो जिवंत आहे.’ या गोष्टीत मरणाचा शुक्रवार आणि पुन्हा उठण्याचा रविवार एकाच बैठकीत आले पाहिजेत. शुक्रवारी थांबून मुलाला झोपायला पाठवू नये, हा माझा हट्ट आहे. खिळे, काटे, रक्त यांचं वर्णन या वयात नको. आणि ‘तुझ्या पापांमुळे येशू मेला’ हे वाक्य तर अजिबात नको. मोठा माणूस या वाक्यातून क्षमेपर्यंत पोचतो. चार वर्षांचं मूल एवढंच ऐकतं, की मी कुणाला तरी मारलं.

ही सावधगिरी मी माझ्या चुकीतून शिकले. वर्ग घ्यायला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी मी शिशुवर्गाला अब्राहाम आणि इसहाकाची गोष्ट सांगितली होती, देव अब्राहामाला स्वतःच्या मुलाचा बळी द्यायला सांगतो ती. मी ती मन लावून सांगितली, लाकडं, सुरी, सगळं. पुढच्या आठवड्यात एक आई भेटायला आली. तिचा मुलगा वडिलांजवळ झोपायला तयार होईना. ‘देवानं सांगितलं तर पप्पा मला कापतील’ असं तो म्हणत होता. गोष्ट पवित्र शास्त्रातली आहे, खोल आहे, मी तिच्यावर प्रेम करते, पण ती त्या वर्गासाठी नव्हती. त्या मुलाच्या घरी जाऊन मी त्याला जवळ घेतलं, पण एकदा मनात बसलेली सुरी सहजासहजी निघत नाही. तेव्हापासून मी एक नियम पाळते: गोष्ट सांगण्याआधी ती सर्वांत लहान पात्राच्या बाजूनं ऐकून बघायची. नोहाच्या गोष्टीत मुलांना तारू आणि प्राणी आवडतात, पण पुरात तारवाबाहेर राहिलेल्यांचं काय हा प्रश्न एखादं मूल विचारतंच. तीही गोष्ट मी मोठ्या वर्गासाठी ठेवते. या वयाला मेंढपाळ, हरवलेलं नाणं, मोहरीचा दाणा, गव्हाणीतलं बाळ, वादळ शांत करणारा येशू, पाच भाकरी आणि दोन मासे, आणि पुनरुत्थानाची सकाळ एवढं भरपूर झालं. जक्कयाचीही गोष्ट सांगा. आपल्या मराठी शास्त्रात तो येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढतो, आणि उंबर आपल्या मुलांच्या ओळखीचं झाड. मी ती गोष्ट उंबराखालीच सांगते. खाली पडलेली फळं मुलं गोळा करत असतात, आणि बुटका जक्कय त्यांच्यातलाच एक होऊन जातो.

काही वाक्यं आपण सहज बोलतो, ती जरा तपासून बघा. ‘देव बघतोय हं!’ हे धाक दाखवायला म्हटलं, की देव घरातला पोलीस होतो. तेच ती अंधारात घाबरली असताना म्हटलं तर आधार होतो. ‘येशू तुझ्या हृदयात राहतो’ हे ऐकून एका मुलीनं मला विचारलं होतं, ‘मग मी पळले की तो पडतो का?’ या वयात शब्द शब्दशः घेतला जातो. त्यापेक्षा ‘येशू तुझ्याजवळ असतो’ म्हणा. आणि घरात कुणी गेलं तर ‘देवाला आवडले म्हणून नेलं’ असं कृपा करून सांगू नका. मग मूल देवाला आवडायलाच घाबरतं. ‘झोपले’ असंही नको, रात्री तेच मूल झोपायला घाबरतं. ‘आजोबा मेले, त्यांचं शरीर आता चालत-बोलत नाही. ते येशूपाशी आहेत. आपल्याला त्यांची आठवण येते म्हणून आपण रडतो’ एवढं सरळ सांगितलेलं मुलांना पेलतं.

सासूबाईंच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे: या वयात कानावर पडलेलं जन्मभर राहतं. त्यांना दुखवू नका, त्यांच्या उत्साहाला फक्त जागा बदलून द्या. दहा आज्ञा आत्ता नकोत. ‘व्यभिचार करू नको’ याचा चार वर्षांच्या मुलीला अर्थ काय सांगणार? प्रभूची प्रार्थना मात्र चालेल, पण घोकंपट्टी करून नाही. आजीनं रोज रात्री तिच्यासमोर हात जोडून सावकाश म्हणावी, मुलीला वाटेल तेव्हा ती एखादी ओळ उचलेल. आधी ‘आमच्या स्वर्गातील पित्या’, मग कधीतरी ‘रोजची भाकर’. आपल्या मराठीत तिथे भाकर आहे, हे आपलं मोठं भाग्य. मी वर्गात परातीत ज्वारीचं पीठ घेते, प्रत्येकाला छोटा गोळा देते, भाकरी थापायला लावते आणि थापता थापता ती एकच ओळ म्हणतो: ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.’ एकदा एकानं विचारलं, ‘बाई, भाजी पण मागायची का?’ मी म्हटलं, माग ना. मग वांगं, बटाटा, कालवण, आजीच्या गुडघ्याचं औषध, हरवलेली चप्पल, सगळं मागून झालं. त्या दिवशी ती पाठ केलेली ओळ त्यांची स्वतःची प्रार्थना झाली. सासूबाईंना सांगा, पाठांतर तुम्हीच करून घ्या, पण तव्यापाशी. पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात त्याच्या विश्वासाचा उगम सांगितला आहे तो आजी लोईस आणि आई युनीके यांच्यापाशी. घरच्या आजीला हे वचन दाखवलंत तर ती तुमच्या बाजूची होईल.

घरात हे सगळं मराठीतच करा, एवढी माझी विनंती. मुलगी इंग्रजी माध्यमात जाणार असेल तर जाऊ दे, तिथली गाणीही म्हणू दे. पण रडताना ज्या भाषेत ‘आई गं’ निघतं, त्या भाषेत प्रार्थना आली पाहिजे. थॉमस स्टीफन्स हा जन्मानं इंग्रज माणूस, पण त्यानं गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांसाठी येशूचं चरित्र मराठी ओव्यांत लिहिलं आणि ते 1616 साली राचोलला छापलं गेलं. पुढे ज्यांना आपण फुलामुलांचे कवी म्हणतो त्या नारायण वामन टिळकांनी आमच्या नगरच्या मंडळ्यांना भजनं दिली. एवढी श्रीमंती घरात असताना मुलांपुढे बर्फातला नाताळ आणि निळ्या डोळ्यांचा येशू कशाला ठेवायचा? चित्र दाखवायचंच असेल तर गव्हाण दाखवा, खरीखुरी, कुणाच्या तरी गोठ्यातली. बाळाला कुठे ठेवलं होतं हे तिला नाकानंच कळेल. टाळी वाजवून म्हणता येणारं एखादं छोटं भजन निवडा, दोन ओळींचं, आणि तेच सहा महिने म्हणा. आपल्याला कंटाळा येतो, मुलांना येत नाही.

रविवारी ती बसत नाही, कारण तुम्ही मागे बसता. रडली तर पटकन बाहेर नेता यावं म्हणून सगळ्या आया मागे बसतात, आणि मुलांना तिथून फक्त लोकांच्या पाठी दिसतात. तिला पुढच्या ओळीत घेऊन बसा. पेटी वाजवणारे हात, प्रभुभोजनाची भाकर मोडताना पाळकसाहेबांची बोटं, बाप्तिस्म्याचं पाणी, हे सगळं तिला दिसू दे. आधी कानात सांगा: ‘आता सगळे उभे राहतील’, ‘आता दान गोळा करतील, हे नाणं तू टाक.’ उपदेश सुरू झाला की खुशाल बाहेर न्या, मंडळीच्या आवारात फिरवा. कुणी भुवया उंचावल्या तर मार्काचा दहावा अध्याय आठवा. लोक मुलांना येशूजवळ आणत होते तेव्हा रागावले ते शिष्य. येशू रागावला तो शिष्यांवर.

तुम्ही पत्राच्या शेवटी शेजारच्या मैत्रिणीच्या गणपतीबद्दल विचारलं आहे. मुलगी विचारते, ‘त्यांच्याकडे गणपती बसतो, आपल्याकडे का नाही?’ सरळ सांगा, ‘आपल्या घरी आपण येशूला प्रार्थना करतो. ते त्यांच्या घरी त्यांच्या देवाची पूजा करतात.’ मैत्रिणीच्या देवाबद्दल एकही हिणकस शब्द तिच्या कानावर पडू देऊ नका. लहान मूल तो शब्द दुसऱ्याच दिवशी अंगणात जाऊन जसाच्या तसा बोलतं, आणि दुखावतं ते दुसरं लहान मूल. याचीच दुसरी बाजू मी बालवाडीत काटेकोर पाळली. तिथे सगळ्या धर्मांची मुलं होती, म्हणून तिथे मी येशूचं नाव घेऊन शिकवलं नाही. शब्बाथ शाळा वेगळी, बालवाडी वेगळी. आपल्या राज्यघटनेच्या 28व्या अनुच्छेदानुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. पण कायदा नसता तरी मी तेच केलं असतं. दुसऱ्याच्या लेकराला त्याच्या आईच्या नकळत काही शिकवणं हा विश्वासघात आहे, आणि विश्वास शिकवायचा तर तो अशा वाटेनं नाही. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आम्हा बालवाडीवाल्यांना धडा घालून दिला, की मूल जिथे आहे तिथे शिक्षणानं जायचं. अंगण, माती, बिया, दगड हेच शिक्षणाचं साहित्य. शिशुवर्ग घेताना मला त्याचा इतर कशाहून जास्त उपयोग झाला.

धाकट्यासाठी वेगळं काही नको. अडीच वर्षांच्या मुलाला गोष्टीपेक्षा स्पर्श कळतो. येशूनं मुलांना कवेत घेतलं आणि त्यांच्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, तेवढंच करा. रोज अंगणवाडीत सोडताना त्याच्या डोक्यावर हात ठेवा, नाव घ्या आणि म्हणा, ‘येशू तुझ्याबरोबर असो.’ रोज तेच शब्द, त्याच उंबऱ्यावर. आमच्या वर्गातल्या एका आईनं हे सुरू केलं, आणि महिन्याभरात तिचा मुलगा कामावर निघालेल्या बापाला वाकायला लावून त्याच्या डोक्यावर हात ठेवायला लागला. पवित्र शास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांच्या मनावर बिंबवायची जी रीत सांगितली आहे ती घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना अशी आहे. तिथे फळा नाही आणि बाकही नाही.

येत्या रविवारपर्यंत एवढंच करा. शनिवारी संध्याकाळी दोघांना घेऊन कणकेची दहा मेंढरं करा, वाळू द्या. तिला येशूचं नाव नको असेल तर नावही घेऊ नका, फक्त मेंढपाळाची गोष्ट सांगा. हा मेंढपाळ कोण, हे ती स्वतःच एक दिवस विचारेल, आणि कदाचित तुम्ही उत्तर द्यायच्या आत तीच सांगेल. गोष्ट झाली की मेंढरं खेळण्यांच्या डब्यात टाकू नका. तिच्या हाताला येईल अशा फळीवर ठेवा. आणि हरवलेलं मेंढरू रात्री कुठे झोपवायचं, ते तिलाच ठरवू द्या.